झाडाचं सॅपवुड: खोडातलं बाहेरचं जिवंत लाकूड नेमकं करतं काय?

पानगळ

पोकळ खोडाचं झाड बहुतेकांनी पाहिलेलं असतं, आत माणूस उभा राहील एवढी ढोली आणि वर मात्र दरवर्षी पालवी, फुलं, फळं सगळं व्यवस्थित. उलट एखाद्या धडधाकट झाडाच्या खोडाला सगळीकडून गोल, चार बोटं खोल खाच मारली तर आतला एवढा जाड गाभा शाबूत असूनही झाड वाळून जातं. म्हणजे झाडाचा जीव खोडाच्या मध्यात नाही, कडेला आहे, एवढं कळतं. पण पुढचं गणित जुळत नाही. पुस्तकात दिलंय की पाणी वर नेणाऱ्या झायलेमच्या नळ्या तयार झाल्या की मरतात, मेल्याशिवाय त्या कामच करत नाहीत. आणि पुढच्याच पानावर त्याच भागाला जिवंत लाकूड म्हटलंय. मेलेल्या नळ्यांचं लाकूड जिवंत कसं? आणि त्यात जिवंत पेशी असतीलच तर त्या करतात काय, पाणी वर ढकलतात का? कुणी नीट उलगडून सांगा, लांबलं तरी चालेल.

वनवेडी

प्रश्न चांगला आहे, बाहेरून आत जात सांगते. सगळ्यात वर साल, ती मेलेली. तिच्या आत पातळ ओलसर आतली साल, म्हणजे फ्लोएम, पानांनी बनवलेली साखर इथून खाली जाते. त्याच्या आत कॅम्बियम, मोजक्या पेशींचा इतका पातळ थर की डोळ्यांना दिसतही नाही, पण खोडाची सगळी जाडी तोच वाढवतो, बाहेरच्या बाजूला साल आणि आतल्या बाजूला लाकूड. कॅम्बियमच्या आत जे नवं लाकूड लागतं ते सॅपवुड, रसकाष्ठ. आणि त्याच्याही आत, झाड वयात आल्यावर, जून झालेलं हार्टवुड, म्हणजे गाभा.

आता तुमच्या कोड्याकडे. लाकडात एकाच जातीच्या पेशी नसतात. पाणी नेणाऱ्या पेशींना आधी जाड भिंत येते, त्यात लिग्निन नावाचा कडक करणारा पदार्थ भरतो, आणि मग आतला जीव स्वतःला विरघळवून टाकतो, उरते ती फक्त पोकळ नळी. हे काही आठवड्यांत होतं. पण याच नळ्यांना चिकटून पॅरेन्कायमा नावाच्या पेशी असतात आणि त्या मात्र वर्षानुवर्षं, कितीतरी झाडांत दशकानुदशकं जिवंत राहतात. काही उभ्या, नळ्यांच्या बाजूबाजूने गेलेल्या, आणि काही आडव्या, सालीकडून गाभ्याच्या दिशेने सरळ रेषेत घुसलेल्या, यांना किरण म्हणतात. ओकच्या आडव्या कापावर हे किरण नुसत्या डोळ्यांनी दिसतात, मध्यापासून बाहेर गेलेल्या फिकट रेघा असतात त्याच. उभ्या आणि आडव्या मिळून त्यांचं खोडभर पसरलेलं एक सलग जाळं होतं. पाइन-देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांत या जिवंत पेशी लाकडाच्या साधारण ५ ते १० टक्केच असतात, रुंद पानांच्या झाडांत त्याहून बऱ्याच जास्त, आणि उष्ण प्रदेशातल्या झाडांत तर तिसरा हिस्सासुद्धा भरतो.

म्हणून सॅपवुड जिवंत म्हणायचं ते या जाळ्यामुळे. ज्या दिवशी हे जाळं मरतं त्या दिवशी ते हार्टवुड होतं. नळ्या दोन्हीकडे मेलेल्याच असतात, फरक पडतो शेजाऱ्यांमुळे.

रंधा

लाकडाचं काम करतो म्हणून हातातली गोष्ट सांगतो. सागाचा नुकता पाडलेला ओंडका बघा. कापलेल्या तोंडावर बाहेरच्या कडेला फिकट पिवळट-पांढरं कडं दिसतं आणि आत सोनेरी तपकिरी गाभा. दोन्हींच्या मधली रेघ एकदम स्पष्ट असते, पण ती वार्षिक वलयाला धरून जाईलच असं नाही, कुठे एक वलय आत, कुठे दोन वलयं बाहेर अशी सरकत जाते. बोट लावलं की पांढरा भाग ओला लागतो. सूचिपर्णी झाडांत तर हा फरक फारच मोठा असतो, ताज्या सॅपवुडमध्ये सुक्या लाकडाच्या वजनापेक्षा जास्त, कधीकधी दीडपट पाणी असतं आणि त्याच फळीतल्या गाभ्यात तीस-चाळीस टक्के. म्हणूनच एकाच फळीच्या दोन कडा वेगवेगळ्या वेगाने सुकतात.

पानगळ, तुम्हाला जिवंत जाळं डोळ्यांनी बघायचं असेल तर एक सोपी युक्ती आहे. ताज्या कापलेल्या फांदीची चकती घ्या, पृष्ठभाग धारदार पात्याने गुळगुळीत करा, म्हणजे पेशी फाटलेल्या राहत नाहीत, आणि त्यावर आयोडीनचं पातळ द्रावण ब्रशने लावा. थोड्या वेळात बाहेरच्या कड्यात निळ्या-काळ्या रंगाच्या बारीक रेषा उठायला लागतात, सालीपासून आत जाणाऱ्या, सगळ्या एका दिशेने. ते तुमचे किरण, आणि रंग आला तो त्यात साठवलेल्या स्टार्चला. रेषा आत जात जात फिकट होतात आणि गाभ्याच्या हद्दीपाशी संपतात. गाभ्याला आयोडीनचा नुसता पिवळट डाग पडतो. पानगळीच्या सुरुवातीला कापलेल्या फांदीत हे सगळ्यात छान दिसतं कारण तेव्हा कोठार भरलेलं असतं.

आणि हाच स्टार्च आमच्या कामात त्रासाचा. सुक्या लाकडातून पिठासारखी बारीक पावडर पाडणारा जो भुंगा असतो तो सॅपवुडमध्येच अंडी घालतो, त्याच्या अळीला स्टार्च लागतो. त्याच फळीतला गाभा तो सोडून देतो.

पानगळ

वनवेडी ताई, रंधा दादा, दोघांचे आभार. आयोडीनचं मी करून बघणारच. पण मूळ शंका अजून तशीच आहे. नळ्या मेलेल्या, शेजारी जिवंत. मग पाणी वर चढवतं कोण? शंभर मीटरच्या झाडात पाणी आपोआप तर चढणार नाही ना?

दाबमापक

आपोआपच चढतं, फक्त ढकलून नाही, ओढून.

पानातून पाण्याची वाफ होते. पानाच्या आत पेशींच्या भिंतींवर पाण्याचा जो पातळ थर असतो तो आक्रसतो आणि मागचं पाणी ओढतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे पानापासून मुळाच्या टोकापर्यंतचा पाण्याचा सलग धागा ताणलेल्या दोरीसारखा वर सरकतो. हेन्री डिक्सन आणि जॉन जोली या डब्लिनच्या दोघांनी १८९४ मध्ये हे मांडलं. आता यातली महत्त्वाची गोष्ट अशी की वरून हवा काढून घेऊन पाणी चढवायचं म्हटलं तर जास्तीत जास्त साधारण १० मीटर चढतं, कारण खालून ढकलायला फक्त वातावरणाचा दाब असतो. कॅलिफोर्नियातलं हायपेरियन नावाचं रेडवुड ११५ मीटरच्या वर आहे. तिथे शेंड्यापर्यंत पाणी न्यायचं तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ११ वातावरणांइतका ताण लागतो, त्यात नळ्यांचं घर्षण धरलं की जवळपास दुप्पट. म्हणजे त्या नळीतलं पाणी शून्याच्याही खालच्या दाबावर, अक्षरशः ताणलेल्या अवस्थेत असतं. अशा ताणाखाली मऊ जिवंत पेशी टिकलीच नसती, चिमटली असती. नळीची भिंत लिग्निनने कडक का असते याचं उत्तर इथे आहे.

आणि जिवंत पेशी ढकलत नाहीत हे कसं कळलं तर वनस्पतिशास्त्रज्ञ एडुआर्ड श्ट्रासबुर्गर यांनी १८९० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांनी. त्यांनी २० मीटरहून उंच ओक बुंध्याशी कापून तो विषारी द्रावणात उभा केला. विष वर चढत गेलं, वाटेतल्या जिवंत पेशी मेल्या, आणि तरी द्रव चढतच राहिला. पाणी चढायचं थांबलं ते पानं मेल्यावर.

सालपापुद्रा

दाबमापक सर, आचार्य जगदीशचंद्र बोस यांचं म्हणणं वेगळं होतं ना? त्यांनी जिवंत पेशींच्या स्पंदनाने रस वर चढतो असं दाखवलं होतं असं वाचलंय. त्यांचं काम असं बाजूला सारणं मला बरोबर वाटत नाही.

दाबमापक

बाजूला सारत नाहीये, सालपापुद्रा. बोस यांनी १९२३ मध्ये हे मांडलं होतं, खोडात बारीक विद्युत सुई थोडी थोडी आत सरकवत नेली आणि सालीच्या आतल्या थरात एका ठिकाणी जास्त हालचाल नोंदवली, त्यावरून तिथल्या पेशी आकुंचन-प्रसरण पावत पाणी पुढे देतात असा निष्कर्ष काढला. त्यांच्याही आधी १८८४ मध्ये गॉडलेव्स्की यांनी लाकडातल्या किरणांच्या पेशी टप्प्याटप्प्याने पाणी वर चढवतात असं म्हटलं होतं. वनस्पतींतले विद्युत संकेत आज ज्या गांभीर्याने अभ्यासले जातात त्याची पायवाट बोस यांनी पाडली, त्यांचा मान तिथे आहे आणि तो मोठा आहे. पण रस चढण्याच्या बाबतीत श्ट्रासबुर्गरचा प्रयोग आडवा येतो, आणि आणखी एक, खोडाच्या एखाद्या भागाची साल पूर्ण सोलली तरी वरची पानं बराच काळ तजेलदार राहतात. साल गेली, तिच्यातल्या पेशी गेल्या, तरी पाणी जातंय.

जिवंत पेशींचा पाण्याशी संबंधच नाही असं मात्र मी म्हणत नाही, तो भाग वनवेडी ताईंनी सांगितला तर बरं.

शेंडा

साल सोलण्याच्या मुद्द्याला धरून, कारण यात लोकांची नेहमी गल्लत होते. खोडाभोवती सालीचं कडं पूर्ण काढलं की झाड मरतं, पण सावकाश. पाणी सॅपवुडमधून वर जात राहतं म्हणून पानं हिरवी दिसतात, मुळांना मात्र साखर मिळायची बंद होते, मुळं साठवलेल्यावर जगतात, आणि ते संपलं की मग सगळं कोसळतं. याला काही महिने लागतात, एखादं वर्ष किंवा जास्तही. पण तीच खाच सॅपवुडमध्ये खोल गेली तर पाणीच तुटतं आणि मग पानं लवकर माना टाकतात. किती लवकर ते झाडाच्या जातीवर.

ढोली

जातीवर म्हणजे कसं? सगळ्या झाडांत सॅपवुड सारखंच जाड नसतं का?

वनवेडी

अजिबात नाही, आणि माझ्या मते सॅपवुडमधली सगळ्यात रंजक गोष्ट हीच आहे. बऱ्याच झाडांत ते ४ ते ५ सेंटिमीटर असतं. मेपल, ॲश, काही पाइन यांच्यात ७ ते १५ सेंटिमीटर किंवा त्याहून जाड. आणि ब्लॅक लोकस्ट, कॅटाल्पा यांच्यात सव्वा सेंटिमीटरच्याही आत, म्हणजे मोजून दोन-चार वलयं.

एवढ्या पातळ कड्यावर आख्खं झाड चालतं कसं, तर नळीच्या रुंदीवर. नळीची रुंदी दुप्पट झाली की तिच्यातून जाणारं पाणी दुप्पट होत नाही, १६ पट होतं. ओक, एल्म, ॲश, साग ही झाडं दर हंगामाच्या सुरुवातीला रुंद नळ्यांची एक रांग लावतात, चकतीवर ती भोकाभोकांची रांग नुसत्या डोळ्यांनी दिसते. ओकमध्ये या नळ्या पाव मिलिमीटरच्याही पुढे जातात. दुपारच्या भरात त्यांच्यातून पाणी ताशी ४० मीटरपर्यंत धावलेलं मोजलंय, ब्रूनो हूबर यांनी १९३२ मध्ये खोडाला किंचित उष्णता देऊन ती वर किती वेळात पोचते हे मोजायची पद्धत काढली, त्यानंतर हे आकडे मिळायला लागले. सूचिपर्णींत ताशी मीटर-दोन मीटर.

पण रुंद नळीत धोका जास्त. पाणी ताणलेलं आहे, तेव्हा कुठे हवेचा बुडबुडा शिरला की धागा तुटतो आणि ती नळी निकामी. पाणी गोठून वितळलं तरी तेच, आणि रुंद नळ्या त्याला आधी बळी पडतात. म्हणून एल्मसारख्या झाडात ९० टक्क्यांहून जास्त पाणी फक्त सगळ्यात बाहेरच्या, चालू वर्षाच्या वलयातून जातं. मागच्या वर्षांच्या वलयांत पाणी असतं, जिवंत पेशी असतात, कोठार असतं, वाहतूक मात्र जवळपास नाही. एल्मला डच एल्म रोग झाला की काही आठवड्यांत झाड का कोमेजतं ते यावरून कळेल. बुरशी त्या एका वलयात शिरते, झाड तिला रोखायला स्वतःच त्या नळ्या बुजवतं, आणि पर्यायी वाट उरत नाही. मेपल, बीच, आंबा यांच्यात नळ्या बारीक आणि सगळ्या वलयभर विखुरलेल्या, कितीतरी वलयं एकाच वेळी काम करतात, त्यामुळे एखाद-दुसरं वलय गेलं तरी निभावतं.

पानगळ

नळ्या झाड स्वतःच बुजवतं? कशाने?

वनवेडी

हो, आणि इथेच त्या जिवंत पेशी पुढे येतात. नळीच्या भिंतीला बारीक पातळ खिडक्या असतात. नळीत हवा शिरली किंवा जवळपास जखम झाली की शेजारची जिवंत पॅरेन्कायमा पेशी त्या खिडकीतून स्वतःचं पातळ आवरण नळीत फुगवते, अशा कित्येक पेशी एकाच वेळी, आणि नळी गच्च बंद होते. याला टायलोसिस म्हणतात. ज्या झाडांत हे होत नाही ती डिंक किंवा राळेसारखे पदार्थ सोडतात.

रंधा

पांढऱ्या ओकची पिंपं गळत नाहीत ती याच्यामुळे. गाभ्याच्या सगळ्या नळ्या टायलोसिसने बुजलेल्या असतात. लाल ओकमध्ये त्या मोकळ्या राहतात, लांबट तुकडा घेऊन एका टोकाला साबणाचं पाणी लावा आणि दुसऱ्या टोकाकडून फुंका, बुडबुडे येतात. पांढऱ्या ओकमधून कितीही जोर लावा, काही येत नाही.

मूळव्रती

माझा प्रश्न साठ्याबद्दल. पळस, पांगारा, सावर ही झाडं अंगावर एक पान नसताना फुलतात आणि तेही ऐन कोरड्या दिवसांत. पानं नाहीत म्हणजे साखर बनत नाही, मग एवढ्या फुलांना लागणारं अन्न आणि पाणी येतं कुठून? हे सॅपवुडमधूनच का?

वनवेडी

मोठा वाटा तिथलाच, बाकी मुळांतल्या लाकडातला आणि आतल्या सालीतला. पानं असताना तयार झालेली जास्तीची साखर किरणांमधून आडवी आत जाते आणि स्टार्च होऊन राहते. गरज पडली की तोच स्टार्च परत साखर होऊन बाहेर येतो. मऊ लाकडाच्या झाडांत, सावर-पांगाऱ्यासारख्या, जिवंत पेशी पाणीही भरपूर साठवतात, त्यामुळे जमिनीत ओल नसतानाही कळ्या फुगू शकतात. बाओबाबमध्ये तर खोडाच्या लाकडाचा बहुतांश भाग अशा मऊ जिवंत पेशींचाच असतो. मघाशी सांगितलेली रुंद नळ्यांची झाडंही बघा, थंड प्रदेशातला ओक वसंतात आधी नव्या नळ्यांची रांग तयार करतो, मग पानं उघडतो. ती रांग बनवायला लागणारा सगळा माल जुन्या वलयांतला. म्हणजे वाहतुकीतून बाद झालेलं सॅपवुड निरुपयोगी नाही, पुढच्या वर्षाची नळी त्याच्या जिवावर उभी राहते.

आणि हा साठा किती जुना असतो बघा. १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण वाढलं आणि मग दरवर्षी कमी होत गेलं, त्यावरून साखरेचं वय काढता येतं. लाल मेपलच्या खोडातला साठा सरासरी दहा वर्षांच्या आसपास जुना निघाला, आणि तोडलेल्या बुंध्यावर फुटलेल्या धुमाऱ्यांत १७ वर्षांपर्यंत जुना कार्बन सापडला. २०१३ चा अभ्यास आहे. झाड तोडल्यावर बुंधा परत का फुटतो याचं याहून नेमकं उत्तर माझ्या वाचनात नाही.

दाबमापक

पाण्याच्या साठ्यात भर घालतो. खोडाभोवती संवेदनशील पट्टी बांधली की रोजचा चढउतार दिसतो. दिवसा खोड किंचित बारीक होतं, रात्री परत फुगतं. सकाळी पानं पाणी मागायला लागतात पण मुळांकडून यायला वेळ लागतो, तेवढ्यात सॅपवुड आणि आतली साल आपल्यातलं पाणी देतात आणि रात्री भरून घेतात. बहुतेक झाडं दिवसाला १० ते २०० लिटर पाणी वर नेतात, ॲमेझॉनच्या जंगलातल्या एका उंच झाडाची नोंद ११८० लिटरची आहे.

कोंब

नारळाच्या खोडात सॅपवुड किती असतं?

वनवेडी

नसतंच. नारळ, ताड, सुपारी यांना कॅम्बियम नाही, त्यामुळे वलयं नाहीत आणि सॅपवुड-हार्टवुड असा भेदही नाही. पाण्या-अन्नाच्या नळ्यांचे जोडगट खोडभर विखुरलेले असतात आणि ते झाडाच्या आयुष्यभर, म्हणजे शंभर वर्षंही, बदलले न जाता काम करतात. म्हणून नारळाच्या खोडाला पडलेली खाच कायम तशीच दिसते, वरून नवं लाकूड चढत नाही.

शेंडा

झाडांची निगा हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जखमांबद्दल मला मनापासून लिहायचंय.

झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. खराब झालेली पेशी झाड दुरुस्त करत नाही, ते तिला कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. अमेरिकन वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं आणि १९७७ मध्ये त्याची मांडणी केली. जखम झाली की वर-खालच्या नळ्या बुजवल्या जातात, ही अडवणूक सगळ्यात कच्ची, म्हणून कुज खोडात उभी लांब पसरते. आतल्या बाजूला वलयांची हद्द अडवते, बाजूंना किरण अडवतात. आणि सगळ्यात पक्की भिंत ती, जी कॅम्बियम जखमेनंतर नव्याने बनवतो. म्हणून पोकळ खोडात कुज जखमेच्या वेळच्या जाडीपर्यंत येऊन थांबलेली दिसते आणि त्यानंतर चढलेलं लाकूड ठणठणीत असतं. पानगळ, तुमच्या ढोलीवाल्या झाडाचं कोडं हे आहे. त्याचा गाभा गेला, सॅपवुडचं कडं शाबूत आहे.

आणि हे सगळं फक्त जिवंत पेशी करू शकतात. भिंती बांधायला लागणारे रसायनी पदार्थ त्याच बनवतात, साठवलेला स्टार्च जाळून. साठा रिकामा असेल, म्हणजे झाडाची पानं वारंवार छाटलेली असतील, मुळं तोडलेली असतील, तर जखम तेवढीच असूनही झाड हरतं. शिवाय सॅपवुडचं ओलेपण हेसुद्धा संरक्षण आहे. नळ्या पाण्याने भरलेल्या असल्या की बुरशीला हवा मिळत नाही. जखमेतून हवा शिरली, भाग सुकला, की तिचं फावतं.

म्हणून कळकळीने सांगतो. खोडाला खिळे मारू नका, तारा गुंडाळू नका, खोड जाड होत जातं आणि तार सरळ जिवंत सालीत आणि नव्या लाकडात रुतते. फांदी कापताना ती खोडाला मिळते तिथे जो फुगीर गळा असतो तो ठेवून त्याच्या बाहेर कापा, सपाट खोडाला घासून कापू नका, अडवणुकीची सगळी तयारी त्या गळ्यात असते. ढोलीत सिमेंट भरू नका आणि आतला भाग तासून साफही करू नका, तासताना तीच पक्की भिंत फुटते आणि कुज नव्या लाकडात येते. कापलेल्या जागी रंग किंवा डांबर फासून कुज थांबत नाही, उलट आत ओल धरून राहते.

सालपापुद्रा

शेंडा दादा, सिमेंटचं फार उपयोगी सांगितलंत. मग एक विचारतो, सॅपवुडला एवढं सगळं येतं तर झाड ते मारून हार्टवुड बनवतंच कशाला? सगळं जिवंत का नाही ठेवत?

वनवेडी

कारण जिवंत पेशींना पोसावं लागतं. त्या श्वसन करतात, साखर जाळतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के, आणि खोडाच्या आत बऱ्याचदा ३ ते १० टक्के मोजलाय. खोड जाड होत गेलं आणि सगळंच जिवंत ठेवलं तर खर्च वाढत जाणार, पानं मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत. शिनोझाकी आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये दाखवलं की झाडावरच्या पानांचा पसारा आणि ती पोसणाऱ्या लाकडाचं क्षेत्रफळ यांचं ठरावीक नातं असतं. पानांना लागेल तेवढं सॅपवुड ठेवायचं, बाकीचं आतून बाद करायचं. बाद करतानाही झाड शिस्तीत करतं, पेशी मरण्याआधी उरलेला स्टार्च वापरून फिनॉल, तेलं, रंगद्रव्यं बनवते आणि ती आजूबाजूला सोडते. गाभ्याचा रंग, वास आणि किडीला दाद न देणं हे सगळं त्यातून येतं. चंदनाचा गाभा सुगंधी आणि बाहेरचं सॅपवुड बिनवासाचं, एबनीचा गाभा काळाभोर आणि सॅपवुड फिकट, ते यामुळेच.

रंधा

इथे कामापुरतं एक. सॅपवुडचं लाकूड कमकुवत असतं ही समजूत चुकीची आहे. नीट सुकवलं तर ताकदीत गाभ्यात आणि त्यात फारसा फरक नसतो. फरक टिकण्यात. कुठल्याही झाडाचं सॅपवुड, सागाचंसुद्धा, ओलीत आणि किडीत टिकत नाही. पण नळ्या मोकळ्या असल्यामुळे औषध तेच जास्त पितं, बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं द्रावण ओल्या सॅपवुडमध्ये चांगलं खोल मुरतं, गाभ्यात जेमतेम. आतल्या कोरड्या कामाला असं मुरवलेलं सॅपवुड बेधडक वापरावं, नुसता रंग पांढरा म्हणून फेकून देऊ नये.

कोंब

पाइनच्या लाकडातून पाणी गाळता येतं म्हणतात ते खरं आहे का?

दाबमापक

खरं आहे. २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी पांढऱ्या पाइनच्या ताज्या फांदीचा साल काढलेला छोटा तुकडा नळीत बसवून पाणी सोडलं आणि ९९ टक्क्यांहून जास्त जिवाणू अडले. पाइनमध्ये लांब नळ्या नसतात, छोट्या छोट्या पेशी असतात आणि पाणी एकीतून दुसरीत पातळ पडद्यांमधून जातं, बुडबुडा एका पेशीतून पुढे जाऊ नये म्हणून झाडाने केलेली ही सोय. त्याच पडद्यात जिवाणू अडकतात. विषाणू मात्र लहान असल्याने आरपार जातात. आणि तुकडा वाळला की पडदे चिकटून झडपा बंद होतात, मग पाणी जवळपास जातच नाही.

मूळव्रती

बुंधा फुटण्याचा विषय निघाला म्हणून, न्यूझीलंडमधल्या कौरी झाडाच्या बुंध्याबद्दल वाचलं होतं, एक पान नसलेला बुंधा वर्षानुवर्षं जिवंत?

वनवेडी

हो, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांशी जुळलेली होती. शेजारच्या झाडांत दिवसा पाणी वाहायचं तेव्हा बुंध्यात जवळजवळ शांतता, आणि रात्री ती थांबली की बुंध्यातली हालचाल वाढायची. स्वतःची पानं नसताना सॅपवुड शेजाऱ्यांच्या जोरावर तग धरून होतं.

पानगळ

आता चित्र स्पष्ट झालं. शेवटचं विचारते, उभ्या झाडात सॅपवुड किती जाड आहे ते न तोडता कळतं का?

शेंडा

कळतं. पोकळ गिरमिट असतं, ते खोडाच्या मध्याच्या दिशेने आत फिरवलं की पेन्सिलपेक्षा बारीक, साधारण ५ मिलिमीटर जाडीची लाकडाची काडी बाहेर येते. सूचिपर्णी असेल तर ती लगेच उजेडासमोर धरायची, ओलं सॅपवुड काहीसं पारदर्शक दिसतं आणि गाभा अपारदर्शक. रुंद पानांच्या झाडात रंगावरून, नाहीतर रंधा दादांनी सांगितलेल्या आयोडीनवरून. काडी वाळायच्या आत हे करायचं, वाळली की हद्द पुसट होते. एकाच बाजूची काडी घेऊन सरासरी धरू नका, वाकलेल्या खोडात दोन बाजूंचं सॅपवुड बरंच वेगळं निघतं. भोकात लाकडाची खुंटी किंवा मेण घालायची गरज नाही. पण ही जखमच आहे, तेव्हा आधीच खचलेल्या झाडावर हे करू नका, आणि गिरमिट एका झाडाकडून दुसऱ्याकडे नेताना स्पिरिटने पुसून घ्या.